पडद्याच्या धुनेची थोरली सीडी

१

“थांबवा! बंद करा ते! ही थोरली न्हाय!”

आण्णासाहेब असे ओरडले की नळदुर्गच्या हायवेवर हैदराबादकडं निघालेल्या एका ट्रकनं करकचून ब्रेक दाबला. ढाबा आला म्हणून दाबला असेल. पण लोकांना सांगताना मी आण्णांच्या आवाजानंच दाबला असं सांगतो.

धून सुरू होऊन जेमतेम दहा सेकंद झाले होते. शांतलिंगनं घाबरून प्लेअरचं बटण दाबलं. आण्णांनी सीडी बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, मधल्या भोकाभोवतीचा बारीक नंबर वाचला आणि ती शांतलिंगच्या नाकापुढं नाचवली.

“बघ नंबर! मधली हाय ही. दोन महिने तुझ्या घरी होती. थोरली कुटं गेली शांत्या?”

मीही भिंग लावून पाहिलं. नंबर मधलीचाच होता. शांतलिंगचा चेहरा त्याच्या दुकानातल्या सिमेंटच्या पोत्यासारखा झाला.

“या खोलीत कोण कोण येतं?”

“मी, आमचा विरेश... आन झाडायला इरम्मा.”

“झालं तर मग.” आण्णा माझ्याकडं वळले. “आपरेटर, खोलीला कुलूप घाला. किल्ली तुमच्याच खिशात. इथली काडी हलली न्हाय पायजे.”

मी कुलूप घातलं. आण्णा तडक पुढच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. बाजाराचा दिवस, गल्लीत ही गर्दी. इरम्मा नळाशी भांडी घासत बसली होती. तिच्याकडं बोट करून आण्णा गरजले, “ही बाई चोर हाय! घरात घेऊ नका हिला कुणी!”

“यव्वा, म्या काय केलं?” एवढंच ती म्हणाली. हाताला राख तशीच.

इरम्मा चार घरची धुणीभांडी करायची. शांतलिंगच्या बायकोनं, शिवकांतानं, तिथल्या तिथं तिला उठवलं. दुपार कलायच्या आत आणखी दोन घरांनी निरोप धाडला: उद्यापासून येऊ नको. शिल्लक राहिलं चौथं घर.

आणि चौथं घर होतं भुवनेश्वरीआक्कांचं. त्या घरातून निरोप आला नाही. त्या घरातून खुद्द आक्काच आल्या.

२

आक्का येईपर्यंत ही थोरली-मधली काय भानगड ते सांगून टाकतो, कारण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

मी टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर. तंबूतला सिनेमा घेऊन तामलवाडीपासून थेट कर्नाटकाच्या शिवेपर्यंत हिंडलेला माणूस. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास माझ्या हाती एक कॅसेट लागली. हॉलंडातल्या कुणा बाबानं सिंथेसायझरवर वाजवलेली धून. गाणारा नाही, शब्द नाही, नुसते विजेचे सूर. पडदा उघडायच्या आधी मी ती लावायचो, म्हणून आमच्याकडं तिचं नाव पडलं पडद्याची धून. अणदूरला पहिल्यांदा लावली तेव्हा सहा बैल दावी तोडून तंबूपुढं येऊन बसले होते. सहांपैकी चौघांबद्दल मी शपथेवर सांगू शकतो.

त्याच तंबूत दोन पोरं शेजारी बसली होती. एक अणदूरचा बागायतदाराचा, आण्णासाहेब. दुसरा नळदुर्गच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानदाराचा, शांतलिंग. धुनेचं वेड लागलं ते दोघांना एकाच वेळी. पुढं सीडीचा जमाना आला तेव्हा दोघांनी भागीत हैदराबादहून एक सीडी आणली. परदेशात निघालेली, अगदी पहिल्या खेपेची. ती थोरली.

थोरलीत मूळ टेप जशीच्या तशी उतरवली आहे. आधी अगदी मंद, ओल्या तव्यासारखी सुसू ऐकू येते. तो टेपचा श्वास. मग सुरांची एक लाट डाव्या स्पीकरात उठते, कपाळावरून सरकत उजवीकडं जाते आणि तिथं फुटते. मग ताल. ताल आणि सूर यांच्या मधे एवढी मोकळी जागा की तिथं खाट टाकून झोपावं.

मधली ही काही वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात निघालेली. चित्र तेच, अक्षरं तीच, सूरही तसेच. फक्त कुणा शहाण्यानं डावंउजवं उलटं जोडलं. तिची लाट उजवीकडून निघते आणि डावीकडं जाऊन फुटते. वरून ओळखायची खूण एकच, तो बारीक नंबर.

आणि धाकटी. नव्या जमान्यात धुऊनपुसून काढलेली. तिच्यातला टेपचा श्वास पुसला, बारीक आवाज फुगवले, मोठे तसेच ठेवले. सगळं एकाच टिपेला. ताल पत्र्यावर काठी मारल्यासारखा. तिला शांतलिंग ‘डीजेवाल्यांची सून’ म्हणायचा.

मधली आणि धाकटी दोघांनी आपापल्या घेतल्या. थोरली मात्र एकच. ती कुणाकडं राहायची? तोड आमच्या खंडोबानंच दिली. देव काही महिने अणदुरात, काही महिने नळदुर्गात राहतो आणि निघताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. या दोघांनी तेच उचललं. दहा महिने अणदूर, दोन महिने नळदुर्ग. मार्गशीर्षात थोरली इकडं यायची, पौषातल्या जत्रेनंतर परत जायची. निघताना सीडीच्या मधोमध भंडाऱ्याचं बोट लावायचं. हसू नका. मग डोळ्यांवर टॉवेल बांधून तीनही सीड्या ऐकायच्या, कुठली कुठली ते ओळखायचं आणि करारावर सही करायची: थोरली सुखरूप मिळाली. ऐकायचं काम त्या दोघांचं, साक्षीदार म्हणून नुसती सही माझी.

त्या दिवशी थोरली परत अणदूरला निघायची होती. पहिलीच सीडी लावली आणि आण्णा ओरडले.

३

भुवनेश्वरीआक्का नळदुर्गच्या टेलिफोन एक्सचेंजात तीस वर्षं ऑपरेटर होत्या. म्हणजे ऑपरेटर मीही, पण मी लोकांना दाखवायचो आणि त्या लोकांचं ऐकायच्या. तारेवरचा माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा श्वास आधी बदलतो, असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्या, पण राग काही निवृत्त झाला नव्हता.

“शांतलिंग!” त्या चप्पल न काढता आत आल्या. “इरम्माच्या घरी सीडी वाजवायचं यंत्र हाय का?”

“न्हाय, आक्का.”

“मग ती सीडीचं काय करणार व्हती? भाकरी थापणार व्हती तिच्यावर?”

शिवकांता पदर सावरत म्हणाली, “आक्का, आमी कुटं म्हणलो? आण्णासाहेब म्हणले...”

“आण्णासाहेब म्हणले आन तू उठवलीस! अकरा वर्षं तुझ्या घरचं खरकटं काढलं तिनं. एकदा तरी चमचा गेला का?”

खरं सांगायचं तर मला माझाच राग आला होता. पायरीवर मी आण्णांच्या मागंच उभा होतो आणि एक शब्द बोललो नव्हतो.

“आपरेटर, तुमी साक्षीदार ना? काय ऐकलं तुमी?”

“म्या... म्या उजव्या भिंतीला बसून शेंगा सोलत व्हतो, आक्का.”

“वा! आन शांतलिंग, तू?”

शांतलिंग खाली बघायला लागला. मग हळूच बोलला, “आक्का, सांगायची लाज वाटती. दोन वर्षं झाली, माजा डावा कान गेलाय. मला लाट कुटनं निघती ते कळतच न्हाय.”

“म्हंजी मार्गशीर्षात थोरली मिळाली म्हणून सही केलीस ती...”

“आण्णा म्हणला थोरली हाय. म्या सही केली.”

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. दोन वर्षं हा माणूस टॉवेल बांधून मान डोलवत होता!

“हे कुणाला ठावं हाय?”

“डाक्टरला. आन आण्णाला. त्यानंच सोलापूरला नेलं व्हतं मला.”

आक्कांनी पाटावर जोरात हात आपटला. “आण्णासाहेबांनी काय ऐकलं ते त्यांनी सांगितलंय का कुटं?”

शांतलिंगनं कराराचा कागद पुढं केला. गल्लीत ओरडून परत आल्यावर आण्णांनी त्याच्या मागं तक्रार लिहून सही ठोकली होती आणि ते अणदूरला निघून गेले होते. आक्कांनी ती मोठ्यानं वाचली: “लाट उजव्या बाजूने निघाली व डाव्या स्पीकरात येऊन फुटली, हे मी स्वतः कानांनी ऐकले. यावरून सीडी बदलल्याचे सिद्ध होते.”

कागद घडी करून त्यांनी कमरेला खोचला. तेवढ्यात मागच्या दारातून कुणीतरी हळूच मोटारसायकल बाहेर काढत असल्याचा आवाज आला.

“विरेश!” आक्का ओरडल्या. “गाडी लाव. आधी हिकडं ये.”

४

शांतलिंगचा मुलगा विरेश लग्नावरातींना साउंड सिस्टीम देतो. बापाला त्याचा धंदा पसंत नाही, त्याला बापाच्या सीड्या पसंत नाहीत. तीस वर्षांचा गडी, पण आक्कांपुढं शाळेतल्यासारखा उभा राहिला.

“पळत का व्हतास?”

“पळत न्हवतो. पप्पांना कळलं तर मारतील म्हणून...” त्यानं बापाकडं पाहिलं. “थोरलीची कॉपी काढली व्हती म्या.”

शांतलिंग उठलाच. करारात कॉपी काढायला सक्त मनाई होती. आक्कांनी त्याला हातानं बसवलं.

“कदी काढली?”

“मार्गशीर्षात. अणदूरवरनं सीडी आली त्याच दिवशी. पप्पा आन आण्णाकाका जेवायला बसलते तेवढ्यात. कॉम्प्युटरमधी तारीख हाय, वेळ बी हाय.”

“लाव.”

विरेशनं लॅपटॉप आणला, हेडफोन जोडला. आक्कांनी डोळे मिटले. मी पहिल्यांदाच त्यांना काम करताना बघत होतो. मान किंचित कलती, ओठ घट्ट. धून चार मिनिटांची. त्यांनी सुरुवातीचे दहा सेकंदच ऐकले. मग हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला.

“आपरेटर, तुमी सांगा. शेंगा खाली ठेवा.”

टेपचा श्वास. मग लाट. उजव्या कानात उठली, कपाळावरून गेली, डाव्यात फुटली.

“उजवीकडनं!” मी म्हणालो. “ही तर मधली!”

“आन ही आल्याच दिवशीची कॉपी.” आक्कांचा आवाज एकदम खाली आला. रागावलेलं माणूस हळू बोलायला लागलं की मला जास्त भीती वाटते. “म्हंजी नळदुर्गात सीडी बदललीच न्हाय. ती बदलूनच आलती. इरम्मानं झाडू हातात घ्यायच्या आदी.”

शांतलिंगला ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा तो म्हणाला, “तरी आण्णानं बदलली असं कुटं व्हतंय? त्याच्या घरी बी चार मानसं येत्यात. त्याला ठावं नसंल.”

“नसंल,” आक्का म्हणाल्या. “म्हणून आता इरम्माला इचारायचं.”

५

इरम्मा घराच्या उंबऱ्यावर बसली होती. चूल पेटलेली नव्हती. आम्हाला बघून ती उठली आणि आधी माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमी बी आलाव का शिव्या द्यायला?”

मी आक्कांना पुढं होऊ दिलं.

“इरम्मा,” आक्का तिच्या शेजारी खालीच बसल्या, “सकाळी त्या खोलीत काय काय केलं? खरं सांग. वाईट असंल ते आदी सांग.”

ती बोटं मोडायला लागली. मग म्हणाली, “केलंय म्या एक. त्याच्यापायीच जीव खाली-वर हुतोय. मानसं यायच्या आदी झाडत व्हते. त्या डाव्या पेटीमागं जाळं व्हतं. झाडू घातला तर वायर निघाली. बसवताच येईना. वैनी वरडतील म्हणून म्या ती पेटीमागं तशीच दडपून ठेवली.”

“डाव्या पेटीची? पक्कं?”

“दाराकडची. खिडकीकडची न्हवं.”

मी खोली डोळ्यापुढं आणली. खिडकी उजव्या हाताला, दार डाव्या हाताला. खिशातली किल्ली मला एकदम जड लागायला लागली.

“आक्का, ही वायर...” इरम्मानं आक्कांचा हात धरला. “चोरी न्हाय, पर ही चूक माजी हाय. ही सांगितली तर पुन्ना कुणी कामाला घील का मला?”

आक्का उठल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. “आपरेटर, अणदूरला फोन लावा. म्हणावं चोर सापडला, ताबडतोब या.”

६

आण्णासाहेब अर्ध्या तासात आले. चोर सापडला म्हटल्यावर पांढरं धोतर, नवी टोपी. माझ्याच हातानं कुलूप काढलं. सगळे आत आलो. इरम्माला आक्कांनी दारातच उभं केलं.

“आण्णासाहेब, सकाळी तुमी मधल्या खुर्चीवर व्हताव. तिथंच बसा. ही तक्रार तुमची?”

“माझीच. अक्षर न अक्षर.”

“लाट डाव्या स्पीकरात फुटलेली तुमी ऐकली?”

“माझ्या कानांनी. अडतीस वर्षं ऐकतोय बाई, मला शिकवू नका.”

“आपरेटर, तीच सीडी लावा. कुणी काही हलवू नका.”

मी लावली. लाट उजव्या बाजूला उठली, सरकायला लागली आणि खोलीच्या मधोमध गडप झाली. डावा स्पीकर मुका. मग ताल आला, तोही फक्त उजवीकडून. अर्धी धून लंगडत चालली होती.

मी बघत होतो आण्णांकडं. टोपीखालून घामाचा ओघळ कानापर्यंत आला.

“वायर निघालीय सकाळी झाडताना,” आक्का म्हणाल्या. “डाव्या पेटीतनं आज एक चकार आवाज आलेला न्हाय. मग तिथं फुटलेली लाट तुमी कुटली ऐकली?”

“कुणीतरी मागनं काढली आसंल वायर!”

“कुलूप तुमीच घालायला लावलं. किल्ली आपरेटरच्या खिशात. तुमीच म्हणलाव, काडी हलली न्हाय पायजे. हललेली न्हाय.”

आक्का त्यांच्या खुर्चीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

“अडतीस वर्षं ऐकणारा माणूस हितं बसला असता तर पयल्या सेकंदाला म्हणला असता, डावा स्पीकर बंद हाय. तुमी म्हणलाव न्हाय, कारण तुमी ऐकतच न्हवताव. तुमी नुसती वेळ बघत व्हताव, कदी वरडायचं त्याची. काय ऐकू येणार ते तुमाला घरनंच पाठ व्हतं. सीडी आली त्या दिवशीची कॉपी विरेशकडं हाय; ती बी मधलीच. म्हंजी तुमी मधली दिली, थोरली म्हणून सही घेतली. कुणाची सही? ज्याचा डावा कान गेलाय ते तुमाला ठावं व्हतं, त्याची!”

शांतलिंगनं मान वर केली. तो एवढंच म्हणाला, “आण्णा, तू मला डाक्टरकडं नेलास तवा माजा हात धरला व्हतास.”

“गप बस!” आण्णा ओरडले, पण त्या ओरडण्यात सकाळचा जोर नव्हता. “तुमच्याकडं काय पुरावा हाय, थोरली म्या घेतली म्हणून?”

“तुमच्या घरच्या मधलीची डबी उघडायची,” आक्का म्हणाल्या. “शांतलिंगची मधली त्याच्याच डबीत हाय, म्हंजी ही हितली तुमची. मग त्या डबीत काय हाय?”

७

तडक अणदूर गाठलं. विरेशच्या टेम्पोत मागं आम्ही तिघं, पुढं आक्का आणि इरम्मा. तिला पुढं बसवायचा हुकूम आक्कांचा.

आण्णांनी कपाट उघडलं, डबी काढली आणि स्वतः न उघडता शांतलिंगच्या हातात दिली. त्यानं ती उघडली.

आत थोरली होती. पण तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. चंदेरी पापुद्रा जागोजाग निघालेला, वरचं चित्र गेलेलं, राहिलेल्या भागावर गोल गोल ओरखडे.

“चंपाषष्ठीच्या आदी देवाचे टाक घासायला काढले व्हते,” आण्णा भिंतीकडं बघून बोलले. “हिच्यावर भंडाऱ्याचे थर बसलेले. देवाबरोबर हिंडती, म्हणलं हिलाबी लख करावी. टाकांसंगं चिंच लावली, राख लावली, घासली. म्या स्वतः घासली. पापुद्रा हाताला आला तवा कळलं.”

देवाचे टाक घासावे तशी सीडी घासणारा माणूस साऱ्या जगात आमच्याच दोन गावांत सापडायचा. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

“मग सांगायचं व्हतं मला!” शांतलिंग म्हणाला.

“काय सांगायचं? अडतीस वर्षं तुला म्हणत आलो, तू निष्काळजी, तू निष्काळजी. म्हणून दहा महिने माझ्याकडं आन दोन तुझ्याकडं. तोंड कसं दाखवायचं?”

“म्हणून माज्या घरात हरवायची व्हय ती?”

“तुझ्यावर आलं असतं तर तू म्या मिळून मिटवलं असतं. तू मित्र हायस. पर तू त्या बाईचं नाव घेतलास आन...” ते अडखळले. “तिचं नाव सोप्पं व्हतं.”

इरम्मा तेव्हा हलली. पुढं आली. आण्णांच्या उंचीच्या निम्मी, पण आण्णाच मागं सरकले.

“काय म्हणलाव?”

“चुकलो म्हणतो, इरम्मा. लिहून देतो. सही करून देतो.”

“मला वाचता येत न्हाय. जितं म्हणलाव, तितं जाऊन तोंडानं म्हणा.”

“आता तितं कोण हाय ऐकायला...”

“पुडच्या बाजाराला असत्यात की समदे.”

आठ दिवसांनी आण्णासाहेब शांतलिंगच्या पायरीवर उभे राहिले. गल्ली भरलेली. ज्या दोन घरांनी निरोप धाडले होते त्या घरच्या बायकांना आक्कांनी हाताला धरून आणलेलं. खाली रस्त्यात इरम्मा, स्वच्छ लुगडं नेसून.

“इरम्मा चोर नाही,” आण्णा म्हणाले. “चूक माझी होती.”

“ऐकू आलं न्हाय,” इरम्मा म्हणाली.

“इरम्मा चोर नाही! सीडी मी खराब केली आणि आळ हिच्यावर घातला!”

“त्या भाजीवाल्याला ऐकू गेलं न्हाय वाटतं.”

तिसऱ्यांदा आण्णासाहेब ओरडले तेव्हा मात्र हायवेवर ट्रक थांबला. हे अगदी खरं आहे. ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला, कुणाचा अपघात झाला म्हणून.

इरम्मानं पदर खोचला. शिवकांता पायरीवरून घाईघाईनं खाली आली, तिचा हात धरून म्हणाली, “चल आत, इरम्मा. चहा ठेवते.”

इरम्मानं हात सोडवून घेतला. जोरात नाही. “तुमच्या घरचं काम मला न्हाय जमायचं वैनी,” ती म्हणाली आणि बाकीच्या दोन घरच्या बायकांकडं वळली. “तुमच्याकडं उद्या सकाळी येते. भांडी भिजवून ठेवा.”

बायका मान हलवून वाट सोडून उभ्या राहिल्या, आणि इरम्मा त्यांच्यामधून भर बाजारातून निघून गेली.